वसईच्या काळ्या बेससाठी, अंकल, तुमचे आभार

प्रिय अंकल,

माहीमला तुमच्या खोलीवर मी तो काळा बेस गिटार तुम्हाला दाखवायला घेऊन आलो, त्याला आता सात महिने झाले. निघताना मी पाकीट काढलं, तर तुम्ही माझा हात धरून ते पुन्हा खिशात घालायला लावलंत. आभार मानायला लागलो, तर तुम्ही पाठ करून सोल्डरिंगची कांडी पुसायला लागलात. त्यामुळे जे तेव्हा बोलायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुम्ही देवनागरी सावकाश वाचता हे मला माहीत आहे. नातीकडून वाचून घ्या.

माझ्याकडे तेव्हा चार बेस होते. कॉलेजात घेतलेला देशी बनावटीचा पहिला, एक जपानी जॅझ बेस, एक फ्रेटलेस, म्हणजे दांड्यावर धातूच्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला, आणि ऑर्केस्ट्रासाठी घेतलेला पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह. घरी विचारणा झाली की चार असताना पाचवा कशाला. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मला नीट देता येत नव्हतं. मला फक्त एवढं कळत होतं की आमच्या कार्यक्रमात कोळीगीत किंवा लावणी सुरू झाली की माझा बेस आणि ढोलकी एकमेकांच्या पायात पाय घालतात. ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि माझ्या खालच्या तारा एकाच जागी येऊन बसतात. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, पाचवी तार तर ३१पर्यंत जाते. हॉलमध्ये त्याचा नुसता गुरगुराट होतो आणि ढोलकीवाला माझ्याकडे बघतो. मला बेस असा हवा होता की जो ढोलकीला जागा देईल आणि तरी ऐकू येईल.

बेस विकायला काढलेल्या वसईच्या एका काकांचा तो काळा बेस मी पहिल्यांदा त्यांच्या ओटीवर वाजवला, ॲम्प्लिफायरशिवाय. लाकूड पोटाला टेकवून एक तार ओढली आणि ती पोटात लागली. काका तरुणपणी जहाजावरच्या बँडमध्ये वाजवत. जहाज सोडून घरी परतणाऱ्या एका अमेरिकन वादकाकडून त्यांनी तो घेतला होता. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, नाव नाही, नंबर नाही, सगळ्याला जाड काळा रंग. तो असली फेंडर, म्हणजे त्या नामांकित अमेरिकन कंपनीचा, नसावा, कुणीतरी केलेली नक्कल असावी, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि पस्तीस हजार मागितले. ते मी दोन दिवसांत देऊ शकलो असतो. फक्त एकदा तुम्हाला दाखवावा म्हणून आणला.

ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. तुम्ही आधी काहीच वाजवलं नाहीत. बेस डोळ्यांसमोर आडवा धरलात आणि एक डोळा मिटून नेकवरून, म्हणजे लांब दांड्यावरून, नजर टाकलीत. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधली फट बघितलीत. म्हणालात, नेक दमट हवेने थोडा पुढे आला आहे, आतला लोखंडी रॉड फिरवला की बसेल, पण रॉडचं टोक बुडाशी आहे, नेक सैल केल्याशिवाय हात पोचायचा नाही. मग चार स्क्रू काढलेत. पिकगार्ड, म्हणजे तारांखालचं झाकण, उचललंत. त्याखाली काळा रंग संपत होता आणि मूळ सनबर्स्टचा पिवळा लाल कडेचा पट्टा तसाच होता, जणू कालच लावलेला. तुम्ही काही बोलला नाहीत, भिंग मागितलंत.

आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या पॉटच्या पाठीवरचे आकडे तुम्ही मला वाचायला लावलेत. मी वाचलं: १३७, मग ७६, मग ३३. तुम्ही सांगितलंत की १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७६ हे साल आणि ३३ हा त्या सालातला आठवडा. म्हणजे पॉट १९७६च्या ऑगस्टमधला. तो गिटारमध्ये बसेपर्यंत काही महिने सहज जातात, त्यामुळे बेस त्या सालाच्या शेवटचा किंवा १९७७चा. दुसरा पॉट, टोनचा, पुढे कुणीतरी बदललेला. तारांचा कंप पकडणाऱ्या पिकअपचे दोन्ही तुकडे जुने, वायरला हात न लागलेले. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "खरा आहे, पुता. रंग बदलला, एक पॉट बदलला. पण प्रिसिजन खरा आहे." प्रिसिजन म्हणजे फेंडरचाच एक बेस.

मी आनंदाने उभाच राहिलो होतो. तुम्ही मात्र खाली बसून नेकवरच्या लाकडी फिंगरबोर्डवर तेलाचा बोळा फिरवत होतात. राखाडी पडलेलं लाकूड बघता बघता गडद झालं आणि त्यात जांभळट रेघा उमटल्या. "ओळख," म्हणालात. मला ओळखता आलं, कारण माझ्या आजोळी त्याच लाकडाचं कपाट होतं. शिसव! साठच्या दशकापासून फेंडरवाले ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते दुसरं तिसरं काही नसून आपली शिसव. आपल्याकडच्या जंगलातलं लाकूड कॅलिफोर्नियाला फुलर्टनच्या कारखान्यात गेलं, तिथून जहाजावर आलं आणि वसईच्या एका ओटीवर इतकी वर्षं टेकून उभं राहिलं. या एका गोष्टीसाठीही मी तो बेस घेतला असता.

पण खरं ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते त्यानंतरचं आहे. तुम्ही विचारलंत, म्हातारा किती मागतो. मी आकडा सांगितला. तुम्ही चहा संपेपर्यंत गप्प राहिलात. मग मला सगळा हिशेब समजावलात. १९६५च्या जानेवारीत लिओ फेंडरची कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली, त्याआधीच्या वाद्यांसाठी संग्राहक वाटेल तेवढे पैसे मोजतात. सत्तरच्या दशकातल्यांना तेवढी किंमत नाही, आणि वरून रंग बदललेला असला की साधारण निम्मी उतरते. हे सगळं वजा केलं तरी परदेशात हा बेस दीड लाखाच्या खाली कुणी देणार नाही. आणि मग तुम्ही म्हणालात, "त्याला सांगून घे."

अंकल, मी त्या क्षणी तुमच्यावर रागावलो होतो. हे आज कबूल करतो. काकांनी स्वतः किंमत सांगितली होती, मी घासाघीस केली नव्हती, खोटं बोललो नव्हतो. मी तसं म्हणालोही. तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात की वादकाकडून वाद्य घेताना त्याला माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत असेल तर ती आधी द्यायची, मग पैसे. परदेशी वाद्य हाताला लागणं कठीण होतं त्या काळातलं तुम्ही सांगितलंत. तारा संपल्या की जुन्याच काढून उकळत्या पाण्यात घालायच्या आणि पुन्हा चढवायच्या. आणि कुणी बोटीवरून परत येताना एखादं वाद्य आणलं तर धोबी तलावला सगळ्या वादकांच्या हातून फिरायचं, पण त्याला फसवून कुणी ते घेत नसे. अशा एखाद्याला फसवलं असतं तर त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी एका स्टँडवर बसून वाजवायचं कसं, हा तुमचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी वसईला गेलो. काकांना पॉटचे आकडे दाखवले, पिकगार्डखालचा सनबर्स्ट दाखवला, तुम्ही सांगितलेली किंमत सांगितली. ते बराच वेळ नेकवर अंगठा फिरवत बसले. मग आतून काकींना हाक मारली आणि त्यांना म्हणाले, "ऐकलंस का, खरा होता." पैशांबद्दल ते शेवटी बोलले आणि तेही थोडक्यात. दीड लाख घ्यायला तयार झाले नाहीत, वाजवणाऱ्याकडे जातोय म्हणाले, आणि एक लाख दहा हजारांवर थांबले. पैसे जमवायला मी पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह विकला. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

आता तुम्ही केलेल्या कामाबद्दल. नेक सरळ आहे. तारा मी बदलल्या नाहीत, काकांच्या जुन्या फ्लॅटवाउंडच, म्हणजे सपाट पट्टी गुंडाळलेल्या, आहेत. डेट्रॉइटचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या प्रिसिजनवर वर्षानुवर्षं त्याच तारा ठेवत असे आणि तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचा, हे तुम्ही सांगितलं होतंत. तुम्ही खोचलेला स्पंजचा तुकडाही तिथेच आहे. त्यामुळे सूर उमटतो आणि लगेच विझतो, ढोलकीच्या दोन थापांमध्ये रिकामी जागा राहते. पहिल्या कार्यक्रमात कोळीगीत संपल्यावर ढोलकीवाला माझ्याकडे वळला आणि त्याने नुसती मान हलवली. आम्ही अकरा वर्षं एकत्र वाजवतोय. त्याने असं याआधी कधी केलं नव्हतं.

काकांना मी त्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि काकी शेजारी. मध्यंतरात ते स्टेजमागे आले, बेस गळ्यात अडकवून घेतला आणि दोन मिनिटं वॉल्ट्झ वाजवला. बोटं अजून चालतात त्यांची. तुमच्याबद्दल विचारत होते. पिकगार्ड उघडणारा माणूस कोण, त्याला भेटायचं आहे म्हणाले.

तर पावसाळा उतरला की मी नेक दाखवायला येतो आहे, आणि या वेळी काकांना सोबत आणतो. त्या दिवशी तुमच्या बाकावर तिसऱ्या माणसासाठी जागा करून ठेवा.

तुमचा,
काळ्या बेसवाला