जिताडा समुद्राकडे का निघत नाही

डार्विन, ऑस्ट्रेलिया

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या धेरंडच्या तळ्यातले जिताडे खाऊनपिऊन माजले तरी त्यांची पिल्ले का दिसत नाहीत, असे तू विचारले आहेस. त्यांच्या अंड्यांना आणि अंड्यांतून निघालेल्या डिंभांना खारे पाणी लागते, आणि उघाडीच्या (खाडीचे पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) आत अडकलेल्या माशाला खाडीच्या मुखापर्यंत जाता येत नाही, हे त्याचे सरळ उत्तर. परंतु वाट मोकळी असती तरी तुझे सगळे जिताडे दरवर्षी गेले असते, असे मला वाटत नाही.

इकडे याच माशाला बारामुंडी म्हणतात. नदीमुखाशी जन्मलेली पिल्ले भरतीबरोबर दलदलीत शिरतात. पुढे काही मासे नदीने वर गोड्या पाण्यात जातात, तर काही जन्मभर खाडीतच राहतात. पुराचे पाणी पसरते त्या मैदानांत चिंगळे, बेडूक आणि बारीक मासळी मुबलक असल्यामुळे वर गेलेले मासे खाडीतल्या भावंडांपेक्षा भरभर वाढतात. (थंड प्रदेशात समुद्रच अधिक सुपीक असतो, म्हणून सालमन उलट समुद्रात चरून नदीत अंडी घालतो.)

कोणता मासा कुठे राहिला, हे त्याच्या कानातल्या खड्यावरून कळते. खडा कापून घासला की वर्षावर्षाची वलये दिसतात, आणि खाऱ्या पाण्यात घालवलेल्या काळाच्या वलयांत स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जास्त सापडते. पापुआ न्यू गिनीत अशा खड्यांवरून असे दिसले की, वयात आलेले कितीतरी मासे गोड्या पाण्यातच राहतात आणि विणीला उतरतच नाहीत. तिथल्या फ्लाय नदीच्या खोऱ्यातल्या लेक मरेपासून किनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. एवढा प्रवास करून अंडीही धरायची, तर अंगात चरबी हवी. पूर नीट आला नाही तर मैदाने नदीशी जोडली जात नाहीत आणि ती चरबी साठतच नाही. शिवाय जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मादी जितकी मोठी तितकी अंडी अधिक. त्यामुळे आणखी एक वर्ष वर राहून चरणे माशाला परवडत असावे, असे माझे मत आहे.

तुझ्या तळ्यासाठी मात्र बीज, म्हणजे जिताड्याची पिल्ले, विकतच आणावे लागेल. चेन्नईच्या ‘सीबा’ या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने 1997 साली बंदिस्त जागेत जिताड्याची वीण घडवून आणल्यापासून ते हॅचरीत तयार होते.

पुढच्या वेळी मोठा जिताडा कापशील तेव्हा पोटात गाभोळी (अंडी) आहे का ते पाहा, आणि डोक्यातले दोन्ही खडे धुऊन, वाळवून माझ्यासाठी ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक