विषय : सीलबंद लेन्स विकली म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

नाशिक, दि. २२ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१६ नोव्हेंबर २०२४ रोजी मी आपल्या नाशिकच्या अधिकृत विक्रेत्याकडून ७०-२०० एमएमची लेन्स घेतली. जीएसटीसह १,२८,५०० रुपये मोजले. मे महिन्यात ताडोबाला जायचं होतं. एप्रिलमध्ये कंबरेने दगा दिला आणि लेन्स कपाटातच राहिली. जूनमध्ये ती सिन्नरच्या एका तरुण फोटोग्राफरला विकली. खोक्याचं सील त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर तोडलं. खोक्यावरचा, लेन्सवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर आम्ही दोघांनी ताडून पाहिला. मूळ बिल, शिक्क्याचं वॉरंटी कार्ड आणि माझ्या सहीची विक्रीची पावती त्याला दिली.

ऑगस्टमध्ये ऑटोफोकस बिघडला. २०० एमएमला मोटर नुसती घरघरते, फोकस पुढे-मागे होतो, धरत नाही. एका साखरपुड्यात अंगठी घालतानाचे सगळे फोटो धूसर आले. सर्व्हिस सेंटरने त्याच्या हातात १८,७०० रुपयांचं एस्टिमेट ठेवलं. म्हणे वॉरंटी पहिल्या खरेदीदारालाच. म्हणून मी स्वतः आधार कार्ड घेऊन गेलो. तर, ‘तुम्ही विकलीत ना, आता तुमचा संबंध नाही.’ त्याचं बिलावर नाव नाही म्हणून त्याला नाही, माझ्याकडे लेन्स नाही म्हणून मला नाही. मग दोन वर्षांची वॉरंटी आहे तरी कोणाकडे?

वॉरंटी कार्ड मी भिंग लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. पाणी गेलं, पडली, बाहेर उघडली तर वॉरंटी नाही, हे त्यात आहे. बिल आणि सिरीयल नंबर हवा, हेही आहे. मालक बदलला तर वॉरंटी संपेल, असं एक अक्षर नाही. असा नियम असेल तर तो पैसे घेण्याआधी छापायचा असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या वॉरंटीला अनुचित व्यापार प्रथा म्हणतो.

ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत विक्रेत्यांना वगळून आलेल्या मालामुळे तुम्ही बिलाचा आग्रह धरता, ते पटतं. मुदत मूळ बिलाच्या तारखेपासूनच मोजा, एक दिवसही वाढवून नको.

तुमच्या ईमेलमध्ये मला ‘रीसेलर’ म्हटलंय, ते मात्र झोंबलं. सहा वर्षांत विकलेली ही माझी एकमेव लेन्स. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक नसतो, खरं. पण मी ती स्वतःसाठी घेतली होती. आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन वापरणाराही त्याच कायद्याने ग्राहकच ठरतो, तेव्हा सिन्नरच्या मुलाला ‘व्यावसायिक’ म्हणून वाटेला लावू नका.

लेन्स वॉरंटीत, विनामूल्य दुरुस्त करून द्यावी. नाकारायचं असेल तर खरेदीच्या दिवशी लागू असलेली छापील अट दाखवावी. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

बिल, कार्डाच्या दोन्ही बाजू, विक्रीची पावती आणि एस्टिमेट यांच्या प्रती जोडल्या आहेत. मूळ बिल फक्त दाखवलं जाईल, हातात मिळणार नाही. मागच्या वेळी काउंटरवर त्यावर पेनाने ‘वॉरंटी बाद’ लिहायला घेतलं होतं. ‘वॉ’ अजून तसाच आहे.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक