तंबाखू पिकवणाऱ्या बापाचं मुलाला पत्र

निपाणी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, रात्रपाळीला झोप येते म्हणून जरा मळतो. मनात आणलं तर उद्या सोडीन." आई शेजारीच बसली होती, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत रात्रभर भट्टीसमोर उभं राहणं सोपं नाही, हे मला कळतं. तुला रागवायला हे पत्र नाही. पण 'मनात आणलं तर' हे तुझे शब्द डोक्यातून जात नाहीत. माझी हयात या पिकात गेली, तेव्हा तंबाखूबद्दल मला जे ठाऊक आहे ते तुला सांगायलाच हवं.

तू शाळेत असताना शेंडे खुडायला शेतात यायचास. झाडाला कळी धरली की शेंडा खुडायचा, मग बगलेतले फुटवे काढत राहायचं. कशासाठी? पान जाड व्हावं आणि माल कडक यावा म्हणून. तो कडकपणा म्हणजे निकोटिन. ते झाडाच्या मुळांत तयार होतं आणि वर पानांत चढतं. किडीने पान खाऊ नये म्हणून झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं ते विष आहे, आणि शेंडा खुडला की झाड ते आणखी जोमाने करतं. सकाळी दवात ओली पानं हाताळली की तुझ्या आईला मळमळायचं, डोकं गरगरायचं. बायका म्हणायच्या पित्त झालं. ते पित्त नव्हतं. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात शिरतं. शेतकऱ्याच्या राठ हातांतून जे आत जातं, ते ओठाच्या आतल्या नाजूक कातडीतून किती जात असेल? वर तू त्याला चुना चोळतोस. चुन्याने निकोटिन मोकळं होतं आणि तोंडातून झटकन रक्तात उतरतं. आपल्या आज्यापणज्यांना त्यामागचं शास्त्र माहीत नसेल, पण चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही एवढं त्यांना बरोबर कळलं होतं.

पुढचं काम मेंदूत होतं. तिथे निकोटिनला बसायच्या ठरलेल्या जागा असतात. ते बसलं की डोपामिन नावाचं रसायन सुटतं, तरतरी वाटते. रोजचा पुरवठा सुरू झाला की मेंदू त्या जागा वाढवतो. घरात खाणारी तोंडं वाढली की कालच्या पिठात आज भागत नाही, तसंच हे. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग जांभया, चिडचिड, कामात लक्ष नाही. तू पुडी काढतोस, दहा मिनिटांत बरं वाटतं, आणि तुझी खात्री पटते की तंबाखूने झोप घालवली. अरे, ती मरगळ बऱ्याच अंशी तंबाखूनेच आणलेली असते. शेजारच्या मशीनवरचा न खाणारा पोरगाही तीच पाळी करतो ना?

ज्याला व्यसन सुटत नाही तो कच्च्या मनाचा, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. मला ते पटत नाही. तुझी आज्जी तव्यावर तंबाखू भाजून मिशरी करायची आणि दिवसातून चार-पाच वेळा दातांना लावायची. तिच्याइतकी खंबीर बाई मी पाहिली नाही, तरी मिशरीपुढे तिचं काही चाललं नाही. सकाळी मिशरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही, ही तिची मोठी अडचण. ती खोटीही नव्हती. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते, आणि ते बंद केलं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. एवढ्याशा गोष्टीच्या भीतीने कितीतरी माणसं जन्मभर खात राहतात. भरपूर पाणी, पालेभाजी, सकाळी थोडं चालणं, एवढ्यावर पोट रुळावर येतं.

गावात कोणी म्हणेल, ज्याचं घर तंबाखूवर चालतं त्याने तिला नावं ठेवू नयेत. १९८१ साली याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबारात माणसं गेली. त्या लढ्याचा मला आजही अभिमान आहे. वखारीत खाकरत काम करणाऱ्या बायकांना रास्त मजुरी मिळावी असंही मला मनापासून वाटतं. पण पिकाला दाम मिळणं वेगळं, आणि ते पीक माझ्या मुलाच्या गालात बसणं वेगळं.

आता सोडायचं कसं ते सांगतो. शपथ घेऊ नकोस. आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू-तंबाखू सुटलेली माणसं आहेत आणि मी त्यांना मानतो. पण नीट बघ, नुसत्या माळेने होत नाही. माळ घातली की भजनाची सोबत मिळते, संध्याकाळ भरते आणि मित्र पुडी पुढे करायचे थांबतात. तुला माळ घालायची असेल तर घाल, नसेल तर तेवढी सोय दुसऱ्या वाटेने कर. ज्या आठवड्यात तुझी दिवसपाळी असेल त्यातला एक दिवस ठरव. रात्रपाळीत सुरुवात करू नकोस. आदल्या रात्री पुडी, चुन्याची डबी सगळं टाकून दे. खोलीतल्या एका तरी मित्राला सांग. चहाच्या टपरीवर हात आपोआप खिशात जातो, म्हणून पहिले काही दिवस चहा कँटीनमध्ये घे.

पहिले तीन दिवस सगळ्यात जड. डोकं दुखेल, राग येईल, झोप मोडेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बराच उतार पडतो. तलफ सतत राहत नाही हे ध्यानात ठेव. ती येते, चढते आणि चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पी, दीर्घ श्वास घे, जागेवरून उठून जा. तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेव. सुपारी मात्र नको. कोणी म्हणेल तंबाखू सोड आणि साधी सुपारी खा. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, आणि तोंडाची आतली कातडी आखडते. माव्यात तर तंबाखू आणि सुपारी दोन्ही असतात. कर्नाटकात २०१३ पासून गुटखा बंद आहे, पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकून लोकांनी वाट काढलीच.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तुला तंबाखू लागते का? लागत असेल तर सवय खोल गेली आहे, आणि औषधाची मदत घेण्यात काही कमीपणा नाही. निकोटिनचा च्युइंग गम मिळतो, २ आणि ४ मिलिग्रॅमचा. कुठला घ्यायचा ते डॉक्टरांना विचार. तो साध्या गमसारखा चावत सुटायचं नाही. हळू चावायचा, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर औषध नीट लागत नाही. काही गोळ्याही आहेत, त्या मात्र डॉक्टरांनीच द्यायच्या. तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तो सरकारी आहे आणि फोन फुकट लागतो. तुला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात, तेव्हा भाषेचं निमित्त चालणार नाही. मन फारच बिघडलं तर १४४१६ वर टेली-मानस आहे, दिवसरात्र.

आणि आरशासमोर तोंड उघडून बघ. तीन बोटं उभी आत जातात का? गालात पांढरा चट्टा, तिखट लागताच आग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे जा. बेळगावात दातांची कॉलेजं आहेत, तिथे दाखवता येतं. तुझ्या चुलत्याचं तोंड आज भाकरीचा घास घेण्याइतकंही उघडत नाही. आमटीत कालवून कसंबसं खातो. ते तू पाहिलंयस, म्हणून जास्त लिहीत नाही.

दारूबद्दल एकच गोष्ट, पण ती पक्की लक्षात ठेव, कारण तुझ्या खोलीवर शनिवारी काय चालतं ते मला कळतं. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. आपल्या भावकीतल्या एकाने श्रावण पाळायचा म्हणून पहिल्या दिवसापासून बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं झालं, देवऋषी बोलावला. नशीब, कोणीतरी गाडी काढून दवाखान्यात नेलं. असा मित्र दिसला तर त्याला आधी डॉक्टरांकडे घेऊन जा, सोडायचं ते त्यांच्या देखरेखीखाली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. तिथेही व्यसनी माणसाला आजारी समजूनच वागवतात, घरच्यांनाही सोबत घेतात. नुसत्या बंदीने काय होतं ते आपण पाहिलंय. २००७ साली कर्नाटक सरकारने सारायी, म्हणजे पाकिटातली स्वस्त देशी दारू, बंद केली. पाकिटं गेली, पिणारे राहिले.

मोबाइलवरच्या रमीचंही तेच. पूर्वीचा मटका नवे कपडे घालून आला, एवढंच. कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून माणूस चिकटून राहतो. पैशांचे खेळ २०२५ साली केंद्राच्या कायद्याने बंद झाले, पण कुठलंही ॲप पैसे मागायला लागलं की तू काढून टाक.

सोडल्यावर एखाद्या दिवशी तोंडात टाकलीस तर सगळं संपलं असं समजू नकोस आणि माझ्यापासून लपवू नकोस. बहुतेकांना एका फटक्यात सुटत नाही. त्या दिवशी कोण सोबत होतं, पाळी कुठली होती, कुणाशी भांडण झालं होतं का, ते वहीत लिही आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू कर.

दिवस कोणता ठरवलास ते रविवारी कळव. रात्री दोन वाजता तलफ आली तरी फोन कर. सध्या शेतातली थ्री फेज वीज रात्रीचीच आहे, मी मोटरीवर जागाच असतो.

तुझा,
बाबा