पावसाळ्यात रिकामा राहणारा बंधारा नागपूरला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो फुटल्यासारखा वाहायला लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या झोपेतच पाण्यात गेल्या, हे आता सगळ्यांना माहीतच आहे. आमच्या घरातही पाणी शिरलं. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, धान्याच्या कोठीत गाळ गेला, भिंतीवरचा चिखलाचा पट्टा दोनदा रंग देऊनही अजून पुसट दिसतो. शहरात माणसं गेली, त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही.

त्यानंतर सगळी चर्चा पाळ मजबूत करा, सांडव्यासमोरचे (जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेसमोरचे) अडथळे काढा, नदीचं पात्र रुंद करा यावरच चालू आहे, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातही विषय गेला. हे सगळं व्हायलाच पाहिजे, माझं त्याला अजिबात दुमत नाही. पण एक गोष्ट कोणीच नीट बोलत नाही म्हणून हे पत्र. सप्टेंबरमध्ये अंबाझरी आधीच काठोकाठ असते आणि भरलेल्या बादलीत नळ सोडला तर जेवढं पाणी वरून येईल तेवढं सगळं बाहेरच जाणार ना! हा तलाव 1870 च्या सुमाराला शहराला पाणी पुरवायला बांधला, पूर अडवायला नाही. पाणी साठवायचं तर तलाव भरलेला पाहिजे आणि पूर अडवायचा तर रिकामा पाहिजे, ही दोन्ही कामं एकाच भरलेल्या तलावाकडून कशी होणार?

म्हणून माझं म्हणणं असं की अंबाझरीच्या वरच्या अंगाला, लाव्हा-वाडीकडून जे नाले येतात त्यांच्यावर, जिथे अजून मोकळी जागा आहे तिथे, छोटे मातीचे बंधारे घाला. आपल्याकडे गावोगावी माती नाला बांध आहेतच, तसाच, फक्त पाणी अडवून ठेवण्यासाठी नाही. तळाशी एक पाइप कायम उघडा, त्याला गेटच नाही. रोजचं पाणी पाइपातून निघून जातं, ढगफुटीसारखा पाऊस आला की पाइपाला झेपत नाही तेवढं मागे तुंबतं आणि मग पुढचा दिवसभर हळूहळू उतरतं, बाकी वर्षभर तिथे पोरं क्रिकेट खेळू शकतात. हिशोब साधा आहे, एक चौरस किलोमीटरवर 100 मिमी पाऊस म्हणजे 10 कोटी लिटर पाणी. त्यातलं थोडं मुरतं पण काँक्रीट वाढलं तसं ते कमीच होत चाललंय. दहा हेक्टर जागेत सरासरी दोन मीटर पाणी थांबलं तर 20 कोटी लिटर थांबतं. असे तीन-चार बांध झाले तर नाग नदीत येणारा लोंढा एकदम न येता पसरून येईल, आणि पुरात सगळा खेळ त्या एका-दोन तासांचाच असतो.

ही काही हवेतली कल्पना नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये डेटन शहरात मार्च 1913 मध्ये असाच भयंकर पूर आला, साडेतीनशेच्या वर माणसं त्या भागात मेली, मग लोकांनी स्वतः पैसे उभे करून नदीच्या वरच्या भागात पाच मातीचे कोरडे बांध बांधून घेतले, 1922 पर्यंत काम पूर्ण झालं. त्यांना गेट नाहीत, मागच्या जमिनीत शेती होते, आणि शंभर वर्षांनंतरही तेच बांध शहर वाचवतायत. ते खूप मोठे आहेत, आपल्याला एवढे नकोत.

पण मातीचा बांध म्हणजे माती ओढून ढीग मारला असं होत नाही, आणि माझी खरी काळजी इथेच आहे. पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा बांध काही तासांत वाहून जातो, त्यामुळे सांडवा बाजूला पक्क्या मुरमात किंवा खडकात आणि भरपूर रुंद हवा. आपली काळी माती पाणी धरते पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून ती आत गाभ्यात आणि बाहेरून मुरूम, तोही थराथराने रोलर फिरवून. पाइपाच्या कडेने माती नीट दाबली नाही तर पाणी तिथूनच वाट काढतं. पानशेत धरण 12 जुलै 1961 ला फुटलं त्याची सुरुवातही भरावाखालच्या आउटलेटपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेपाशीच झाली. बांधावर झाडं लावू नयेत, गवतच ठेवावं, मुळं आणि घुशींची बिळं दोन्ही घातक. पाइपाच्या तोंडाला तिरपी जाळी हवी आणि पहिल्या पावसाआधी तिच्यातलं प्लास्टिक काढायला माणूस हवा, नाहीतर आपला कोरडा बांध आपोआप तलाव होईल.

तो माणूस कोणाचा, हे आधीच ठरलं पाहिजे. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरच्या वरच्या आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही ठरावीक धरणांनाच लागू आहे, म्हणजे पाच-सहा मीटरचे हे बंधारे त्यात येतच नाहीत. आणि खाली वस्ती असेल तर फुटलेला बांध जीव घेतो. जुलै 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

तर महापालिकेने आणि जलसंधारण विभागाने मिळून वरच्या भागातल्या मोकळ्या जागांचा सर्व्हे एवढ्यातच करावा, प्लॉट पाडून लेआउट झाल्यावर जागा मिळणार नाही. आणि जोपर्यंत बंधारे होत नाहीत तोपर्यंत अंबाझरीची पातळी ऑगस्टपासूनच सांडव्याच्या खाली ठेवता येते का ते बघावं, आणि जून ते सप्टेंबर रोजची पातळी आपल्या पेपरात, धरणांचा साठा छापता तिथेच, छापायला द्यावी.

आपला वाचक,
नाग नदीकाठचा एक रहिवासी, नागपूर