सौरडागांची ‘ती’ चौकट मागे घ्या

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत सौरडागांना, म्हणजे सूर्यावरच्या काळसर ठिपक्यांना, अर्धे पान दिलेत याबद्दल आभार. पण लेखाखालची ‘डाग कसे पाहाल?’ ही चौकट कृपा करून तातडीने मागे घ्या. एक्स-रे फिल्मची दुहेरी घडी डोळ्यांपुढे धरून दुर्बिणीतून पाहा, असे त्यात सरळ छापले आहे. हे छापण्याआधी कुणालाच दाखवले नव्हते का? फिल्ममुळे सूर्य मंद दिसतो, म्हणून माणूस निर्धास्तपणे पाहत राहतो आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मात्र आत जातच राहतात. दृष्टिपटलाला वेदना होत नाही. भाजल्याचे काही तासांनी कळते, तेव्हा नजरेच्या मधोमध ठिपका बसलेला असतो. ग्रहणाचा चष्मासुद्धा दुर्बिणीमागे चालत नाही, कारण भिंगाने एकवटलेला प्रकाश त्याला जाळून आरपार जातो.

फिल्टर लावायचाच तर तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, पूर्ण भिंग झाकणारा, प्रकाशाचा फक्त एक लक्षांश आत सोडणारा हवा. दर वेळी तो उजेडापुढे धरून टाचणीएवढे भोक किंवा ओरखडा नाही ना हे पाहावे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने पक्का करावा. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायची काळी काच वापरूच नये. उष्णतेने ती तडकते, तीही नेमका डोळा लावलेला असताना.

सर्वांत बरे म्हणजे प्रतिमा कागदावर पाडणे. त्यासाठी साधी भिंगाची दुर्बीण घ्यावी. आरशाची नको, तिचे आतले भाग तापतात. भिंग मोठे असेल तर पुठ्ठ्याला ५ सेंमीचे भोक पाडून ते तोंडावर लावावे. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण घालावे. दुर्बीण रोखताना तिच्यातून किंवा तिच्या कडेने सूर्याकडे पाहू नये. नळीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की नेम बसला. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचे अंतर) ७०० मिमी आणि आयपीस २० मिमीचा असेल, तर कागद आयपीसपासून साधारण ४८ सेंमीवर धरल्यास सूर्य १५ सेंमीचा दिसतो. आयपीस साधा, काचेचा असावा. प्लास्टिकचा वितळतो आणि चिकटवलेल्या भिंगांच्या आयपीसमधला गोंद खराब होतो. ठिपका डाग की धूळ ही शंका आली तर आयपीस फिरवावा. धूळ त्याच्याबरोबर फिरते, डाग जागेवर राहतो. दुर्बिणीजवळ मोठे माणूस सतत हवे, कारण मुले आयपीसला डोळा लावतातच.

लेखाच्या शेवटी ‘डाग वाढले म्हणून पृथ्वी तापते आहे’ असेही म्हटले आहे. डाग वाढले की सूर्य किंचित तेजस्वी होतो हे खरे, कारण डागांभोवतीचे उजळ पट्टे त्यांची तूट भरून काढून वर शिल्लक टाकतात. पण ती वाढ किती? चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅटमध्ये जेमतेम एक वॅट. डाग वाढण्या-घटण्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातून पृथ्वीच्या तापमानात सुमारे ०.१ अंशाचा चढउतार होतो, आणि तो पुन्हा ओसरतो. उपग्रह १९७८ पासून हे मोजत आहेत. तेव्हापासून सूर्याचे तेज चढत गेलेले नाही, तापमान मात्र चढत गेले. शिवाय सूर्य कारण असता तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, हेही तापले असते. ते थंड होत आहे. १६४५ ते १७१५ या जवळजवळ डागविरहित काळात युरोप गारठला होता, असा दाखला लेखकाने दिला आहे, पण ती थंडी १६४५ च्या बरीच आधी सुरू झाली होती आणि तिच्यात ज्वालामुखींचाही वाटा होता.

दुरुस्ती चौकटीएवढ्याच आकारात, त्याच पानावर छापावी. आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको. शेजारच्या सूर्याच्या छायाचित्राखाली तारीख आणि वेळही हवी होती. डाग रोज सरकतात, तेरा-चौदा दिवसांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातात. तारखेविना ते चित्र कोणत्याही निरीक्षणाशी पडताळता येत नाही.

आपला,
एक वाचक