कृषिमंत्र्यांना खुले पत्र : पाकिटातली बुरशी जिवंत आहे का, ते आधी तपासा

मा. कृषिमंत्री,
स. न. वि. वि.

किडींना मारणाऱ्या मित्रबुरशींचा वापर वाढवा, असं सांगणारे आपल्याला बरेच भेटत असतील. माझं मागणं त्याच्या एक पायरी आधीचं आहे. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पाकिटातली बुरशी जिवंत आहे की नाही, हे विक्रीच्या ठिकाणी तपासायची व्यवस्था करा.

या बुरशीचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. मेटारायझियम या मित्रबुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं सूक्ष्म बी, जमिनीत मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीच्या अंगाला चिकटतो, ओलावा मिळाला की रुजतो आणि कातडी विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडत आत शिरतो. अळीने तो खावा लागत नाही, अंगाला लागला तरी पुरे. म्हणूनच नुसता रस शोषणाऱ्या मावा, पांढरी माशी यांसारख्या किडींवरही अशा बुरशी चालतात. आत वाढलेली बुरशी अळीला मारते, आणि ओल असेल तर मेलेल्या अळीवर आधी पांढरी आणि मग हिरवी बुरशी चढते. त्या हिरव्या थरातले बीजाणू पुढच्या अळीला गाठतात.

ही विद्या नवी नाही. रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो, हे इटालियन संशोधक अगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवलं. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ती बुरशी, बिव्हेरिया बॅसियाना, आज किडींवर फवारली जाते. (रेशीमकिड्यांना ती आजही मारते, म्हणून तुतीच्या बागेजवळ वापरू नये, हे पाकिटावर ठळक छापायलाच हवं.) 1879 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी गव्हावरच्या भुंगेऱ्यांसाठी मेटारायझियम वापरून पाहिलं.

मग शेतकरी एकदा वापरून पाठ का फिरवतो? बीजाणू हा जीव आहे. तापलेल्या गोदामात पडून राहिला की मरतो, आणि पाकीट बाहेरून तसंच दिसतं. फवारणी वाया जाते, कीड पीक खाते आणि 'जैविक काही कामाचं नाही' हे गावभर होतं. तो राग खराब मालावर असायला हवा, पण निघतो तो या पद्धतीवरच. मला सर्वात जास्त सलतं ते हेच.

म्हणून लेबलवरची जिवंत बीजाणूंची संख्या वापराच्या अंतिम तारखेपर्यंत टिकेल, ही जबाबदारी उत्पादकावर टाका. नमुने कारखान्यातून नव्हे, दुकानाच्या फळीवरून उचला आणि निकाल नावानिशी जाहीर करा. थंड साठवणुकीची सोय नसेल तिथे विक्रीची परवानगी देऊ नका.

वापर शिकवायलाही माणसं लागतील. फवारणी संध्याकाळी, कारण कडक उन्हात बीजाणू टिकत नाहीत. बुरशीनाशकात मिसळायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मेलेली कीड शोधायची नाही. आठवडा लागू शकतो, जमिनीतल्या हुमणीला त्याहून जास्त. हे आधी सांगितलेला शेतकरी थांबतो. न सांगितलेला तिसऱ्या दिवशी रासायनिक औषध आणतो.

आगामी हंगामाची खरेदी सुरू होण्याआधी नमुने तपासणीचा आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी