घड्याळ पिठाच्या डब्यात होतं आणि ॲप सांगत होतं, 'घरी आहेत, सुरक्षित'

दिनांक: ८ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: ज्येष्ठांसाठी म्हणून विकलेल्या जीपीएस घड्याळाचे पैसे परत मिळणे व जाहिरात मागे घेणे याबाबत

महोदय / महोदया,

मी नाशिकरोडला, जेलरोडवर राहते. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. प्रेसमधून, म्हणजे टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून, २००६ साली रिटायर झाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा (विसरण्याच्या आजाराचा) एक प्रकार, असल्याचं निदान झालं. गेल्या दिवाळीपासून दिवेलागणीची वेळ झाली की त्यांची घालमेल सुरू होते. शर्ट चढवतात, डबा मागतात, "ड्यूटीला उशीर होतोय" म्हणत दाराकडे निघतात. या आजारात बऱ्याच जणांना संध्याकाळी असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणूनच २० मे रोजी तुमच्या वेबसाइटवरून घड्याळ मागवलं. 'डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी खास, आई-बाबा कुठे आहेत ते क्षणाक्षणाला कळेल' असं तिथे लिहिलं होतं. घड्याळाचे ६,४९९ रुपये आणि सिम व ॲपच्या वर्षभराच्या प्लॅनचे १,८०० रुपये भरले. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

२६ जूनला काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कस्टमर केअरवर मला एकदाही पूर्ण बोलू दिलं नाही.

त्या संध्याकाळी पावसाची भुरभुर आली म्हणून आई गच्चीवर कपडे काढायला निघाली होती. बाबा सोफ्यावर बसले होते. घड्याळाची बॅटरी उतरत आली आणि त्यातून एका बाईचा खणखणीत आवाज आला, इंग्रजीत, बॅटरी लो, प्लीज चार्ज. बाबा दचकले. मनगट कानाशी नेलं, मग हात लांब धरला. "घरात कोण बाई बोलतेय?" असं त्यांनी आईला विचारलं. "घड्याळ आहे हो" असं सांगून आई वर गेली. हा आवाज दर काही मिनिटांनी येतो. तो मराठीत करता येत नाही आणि बंदही करता येत नाही. मी सगळी सेटिंग्ज धुंडाळली आहेत.

आई वर असताना बाबांनी घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं, पिठाच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं आणि बाहेर पडले. पट्टा एका ओढीत सुटतो. बाबांनी आयुष्यभर टपाल तिकिटांच्या विभागात काम केलं. आजही हाताला काही लागलं की त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतात, तिकिटाची भोकं तपासावीत तसा. तुमचा पट्टाही ते दिवसभर तसाच चाचपायचे.

सव्वासहाला आईचा मला ऑफिसात फोन आला, "बाबा दिसत नाहीत." मी ॲप उघडलं. आमच्या घरावर हिरवा गोल आणि खाली 'घरी आहेत, सुरक्षित'. मी आईला म्हटलं, "आई, ते घरातच आहेत, बाथरूममध्ये बघ, मागच्या गॅलरीत बघ." ती बिचारी वीस मिनिटं घरातल्या घरात शोधत राहिली. बाबा तेव्हा भर रस्त्याने चालत होते. ती वीस मिनिटं मी तुमच्या हिरव्या गोलावर विश्वास ठेवून घालवली, हे माझ्या मनातून जात नाही.

पावणेआठला बिटको चौकातून एका रिक्षावाल्या दादांचा फोन आला. बाबा चिंब भिजलेले, एका पायात चप्पल नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रेसचं गेट विचारत होते. दादांना आमचा नंबर मिळाला तो आईने शर्टाच्या कॉलरच्या आत शिवलेल्या कापडी पट्टीवर. मार्करने लिहिलेले दहा आकडे. तुमच्या ६,४९९ रुपयांच्या वस्तूचा त्या रात्री काडीचाही उपयोग झाला नाही.

माझी मुख्य तक्रार पुढे आहे. घड्याळ हातात आहे की काढून ठेवलंय, हे त्याला कळतच नाही. साध्या स्मार्टवॉचच्या पोटाला हिरवा दिवा लुकलुकणारा सेन्सर असतो, घड्याळ मनगटावरून उतरलं की त्याला समजतं. तुमच्यात तो नाही. म्हणजे ॲपला फक्त घड्याळ कुठे आहे ते माहीत असतं. तरीही ते 'सुरक्षित' हा शब्द माणसाबद्दल वापरतं. तिथे 'घड्याळ घरी आहे' एवढंच लिहिलेलं असतं, तर मी आईला पहिल्या मिनिटाला रस्त्यावर पाठवलं असतं.

नंतर मेनू पाहताना मला 'क्लास मोड' सापडला, शाळेच्या वेळेत घड्याळ गप्प ठेवण्यासाठीचा. म्हणजे हे लहान मुलांचं घड्याळ आहे आणि खोक्यावर आजी-आजोबांचा फोटो छापून आम्हाला विकलंय. मुलाला 'काढू नकोस' म्हणून शिकवता येतं. अल्झायमरमध्ये नवीन गोष्ट साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो, जुनं बराच काळ टिकतं. बाबांना ड्यूटी आठवते, घड्याळ कालच बांधलंय हे आठवत नाही. त्यांच्यासाठी ते रोज सकाळी परकंच असतं. या माणसांसाठी वस्तू बनवायची तर हे आधी ठाऊक असायला हवं.

चार वेळा फोन केला. उत्तर एकच: डिव्हाइस व्यवस्थित चालू आहे, पेशंटने काढलं तर कंपनी जबाबदार नाही, सात दिवसांची रिटर्नची मुदत संपली. ज्याला विसरण्याचा आजार आहे त्याच्यासाठीच तुम्ही ही वस्तू विकता आणि त्याच्या विसरण्याचं खापर त्याच्यावरच फोडता, हे मला अजिबात मान्य नाही.

आता आम्ही दाराला उघडताच वाजणारा चुंबकाचा बझर लावलाय, भिंतीवर वार आणि 'संध्याकाळ' असं मोठ्या अक्षरांत दाखवणारं घड्याळ आहे. बाबांना यातलं काहीच शिकावं लागलं नाही.

माझी मागणी अशी: ८,२९९ रुपये परत करावेत. 'डिमेन्शियासाठी खास' हे शब्द जाहिरातीतून आणि खोक्यावरून काढावेत. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना, घड्याळ काढून ठेवलं तरी ॲप 'सुरक्षित' दाखवतं, हे स्पष्ट कळवावं. पैशांपेक्षा मला या शेवटच्या गोष्टीची घाई आहे. आज संध्याकाळीही कुणीतरी तो हिरवा गोल बघून निश्चिंत बसलेलं असेल.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

घड्याळ पीठ पुसून खोक्यात ठेवलं आहे, ते परत न्यायला माणूस पाठवावा. फक्त संध्याकाळी पाचनंतर बेल वाजवू नये, त्या वेळी बाबांना दार उघडं दिसायला नको.

आपली ग्राहक,
जेलरोड, नाशिकरोड